मुकुटाखालचा चेहरा

"रक्त कमी पडतंय," अबानूबची आई इरिनीच्या कानाशी पुटपुटली. "एवढं मारलं माझ्या लेकाला, आणि तू चित्रात नवरदेवासारखा बसवलायस."

इरिनीने कुंचला फडक्याला पुसला. इजिप्तमधल्या मिनियाच्या आसपासच्या चर्चमधली संतांची निम्मी चित्रं तिच्याच हातची होती.

"मावशी, आपल्यात हुतात्म्याच्या जखमा काढत नाहीत. डोक्यावर मुकुट, चेहऱ्यावर शांती. त्याचं दुखणं सरलं, आता काय दाखवायचं? लोकांनी चेहरा बघूनच म्हणायला हवं, हा आपला अबानूब."

"तेच तर," म्हातारी म्हणाली.

वाळवंटातल्या रस्त्यावर तोंडं झाकलेल्या माणसांनी अबानूबची गाडी अडवली होती. बाकीच्यांची प्रेतं मिळाली, अबानूबचं मिळालं नाही. पळून वाचलेला ड्रायव्हर शपथेवर सांगत होता, पोरानं मरेपर्यंत ख्रिस्ताला नाकारलं नाही. गावाने पोटाला चिमटा घेऊन त्याच्या नावाचं चर्च उभं केलं. उद्या बिशप येऊन या चित्राला पवित्र तेल लावणार होते.

चित्र घरातच, आपल्या डोळ्यांसमोर काढायचं, ही आईचीच अट. मंगळवारपर्यंत ती खूश होती. ओल्या रंगालाच ओठ लावायला धावायची. बुधवारपासून बिनसलं. दार वाजलं की हातातलं भांडं पडायचं. चेहरा हुबेहूब उतरला की दुःख जास्त डाचतं, इरिनीला वाटलं.

"डाव्या डोळ्यावर घाव घाल. ओठ फोड. गालभर रक्त येऊ दे."

"बिशप मला हाकलून देतील."

"मग नाक तरी बदल!"

"नाक? गावातलं शेंबडं पोरही ते नाक ओळखतं, मावशी."

गच्चीवरची कबुतरं एकदम फडफडली.

"मांजर," म्हातारी घाईने म्हणाली.

भाकऱ्यांची टोपली सकाळी भरलेली होती, आता अर्धी झाली होती. "कबुतरं सोडून भाकरी खाणारं मांजर!" इरिनी म्हणाली. " ऐन मांस वर्ज्य असलेल्या उपासाच्या दिवसांत तुमच्याकडे तेवढंच धर्माने वागतंय."

म्हातारी हसली नाही. जिन्याच्या बंद दाराला पाठ लावून उभी राहिली.

दारामागे कुणीतरी खोकलं.

इरिनीच्या हातातला कुंचला तसाच राहिला. ती जवळ सरकली, अगदी हळू बोलली.

"मावशी, ते तोंडं झाकलेले आलेत का? वर माणूस बसवलाय? हे सगळं तेच बोलायला लावतायत का तुम्हाला?"

म्हातारीने नकारार्थी मान हलवली. मग तिने इरिनीचं मनगट घट्ट धरलं. ओला लाल रंग दोघींच्या हातांना लागला.

"त्यांनी जे म्हणायला सांगितलं ते माझा अबानूब म्हणाला गं, आणि मान वाचवून घरी आला. आता चित्र असं काढ पोरी, की उद्या तो रस्त्यानं चालला तर गावानं त्याला ओळखू नये."