सोडली

“आता नाय ना हाका मारत ती?” मालोजीनं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा गजानं डोक्यावरचं मिठाचं गाठोडं खाली ठेवलं.

“नाय रं बाबा. पयले दोन म्हयने लई मारायची. दारूच्या गुत्त्यावरनं गेलं की ‘ये, ये’ करायची. आता गप हाय.”

खालापूरच्या बाजारातली ही गोष्ट. या गजाच्या घरी एके काळी वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस गटारी असे. आता गडी कपाळाला बुक्का लावून मीठ विकत होता. ही किमया कर्जतची. तिथं देवळामागं, नदीकाठच्या चिंचेखाली, पिणं सोडलेली माणसं दर मंगळवारी बसत आणि एकमेकांना आपलं रडगाणं सांगत.

“मी आलो तर चालंल?” मालोजीनं विचारलं.

गजा बघतच राहिला. मालोजीला गुत्त्यावर कुणी कधी पाहिलं नव्हतं. पण चोरून पिणारे काय थोडे असतात? डोळे खोल गेलेले, हात थरथरणारे, अंगावर मांस नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

“ये की. पन तिथं खरं बोलाया लागतं.”

मालोजी भ्याला. पण आठ महिने त्याला धड झोप नव्हती. हाक बंद झाली नाही तर आपण वेडे होऊ, हे त्याला पक्कं कळून चुकलं होतं. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय?

मंगळवारी सकाळी तो निघाला. पाच कोसांची चाल. दावणीला पवळ्या बैल होता, पण त्याला जुंपायचं राहू दे, मालोजी त्याच्याकडे मान वर करून बघतसुद्धा नसे. चारा टाकायचा तोही पाठ फिरवून. पाताळगंगेचा जवळचा, पायी नदी ओलांडायचा उतार सोडून तो सडकेच्या पुलाकडं वळला. उताराशीच गुत्ता होता. बिचारा टाळतोय, असं बघणाऱ्यांनी म्हटलं. पुलावर त्यानं कानांत बोटं घातली, ते मात्र कुणी पाहिलं नाही.

चिंचेखाली आठदहा माणसं होती. मध्ये धोंडीनाना. आगगाडीसाठी घाट फोडला तेव्हा हा सुरुंगाच्या टोळीत होता, तिथंच प्यायला शिकला आणि वीस वर्षं प्यायला. त्याच्याजवळ कोळसे विकणारी हिरू, तोंडाची फटकळ.

बैठकीची रीत साधी होती. पाण्याच्या तांब्यावर हात ठेवायचा, ‘सोडली’ म्हणायचं. बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, ‘सुटली!’

तांब्या मालोजीपुढं आला. पाणी बघून त्यानं हात मागं घेतला.

“लाजू नको रं,” धोंडीनाना म्हणाला. “आमी समदे त्यातलेच.”

“समदे?” मालोजी पुढं सरकला. असं करणारा जगात आपण एकटेच, असं त्याला वाटत होतं. त्यानं तांब्यावर हात ठेवला. “सोडली. मागल्या गौरी बोळवल्या, त्या दिवशी.”

“सुटली!”

“नाय सुटली, नाना. रोज हाक मारते.”

“काय म्हणते?”

“‘आवं, धरा’ म्हणते.”

गजाला हसू फुटलं. “आयला, तुजी भलतीच अदबीची! मला मेली ‘धर रं’ म्हणायची.”

सगळे हसले. मालोजी हसला नाही.

“घरी बायको हाय का?” हिरूनं विचारलं.

“नाय.”

“हिच्यापायीच गेली ना?”

मालोजीनं उजवा हात पुढं केला. “ह्या हातानं गेली.”

“हातच वैरी असतो रं. माजाबी व्हता.” हिरूनं तो हात आपल्या काळ्या, खरबरीत हातात घट्ट धरला.

आठ महिन्यांत तो हात कुणी धरला नव्हता. मालोजी लहान मुलासारखा रडला. रडता रडता त्यानं कान दिला. समोर नदी वाहत होती आणि हाक येत नव्हती. त्याला वाटलं, सुटलो. देवा, सुटलो एकदाचा.

धोंडीनाना उठला. नव्या माणसानं शेवटची बाटली आणायची आणि सगळ्यांदेखत नदीत सोडून द्यायची, की झालं पक्कं. गजा हे सांगायचं विसरला होता.

“चल नदीवर. आणलीस का तिला?”

मालोजी पांढराफटक पडला. “आता कुठनं आणू, नाना? नदीतच सोडली की. भर पुरात.”

“आपली आपण?” नानानं त्याची पाठ थोपटली. “शाब्बास रं गड्या! आमच्यात कुणाला आजवर एकट्यानं जमलं नाय. कशी सोडलीस, सांग समद्यांना.”

मालोजीनं एकेकाचं तोंड पाहिलं. हिरूनं हात धरलेलाच होता. आपल्याच माणसांपासून काय लपवायचं? त्यानं डोळे पुसले.

“उताराला पानी एकदम चढलं, नाना. एका हातात पवळ्याचा कासरा व्हता, आन ह्या हातात माजी बायको.”

हिरूनं त्याचा हात सोडला.