घरच्या रानातला मका

माणूस ओळखायचा तर त्याच्या रानात पिकलेलं खाऊन ओळखावा, असं कडोलीच्या कुमार आप्पांचं ठाम मत आहे. त्यांच्या मुलाला, समर्थला, बघायला येणाऱ्या पोरीकडच्यांची अटही त्याला धरूनच होती: मुलाला बेळगावात नोकरी हवी आणि गावात शेती हवी, फक्त पोरीनं शेतात जायला नको.

म्हणून भर उन्हाळ्यात पाहुण्यांना स्वीट कॉर्नचे वडे, उसळ आणि खीर असं जेवण वाढलं. "सगळं घरच्या रानातलं हाय. सकाळीच आमच्या समर्थनं कणसं मोडून आणली," आप्पा म्हणाले.

पोरीची आत्या मनुबाई खीर संपवून समर्थकडं वळली.

"सकाळी खासबागच्या बाजारात माझ्याच बुट्टीतनं ही कणसं निवडून नेलासा की, जावईबापू. फोनवर बोलत हुतासा, म्हणून वळख दाखवली न्हाय."