पंधरा जोड्या

घर शांत होतं, तेवढ्यात लेकीचा चमचा खणकन फरशीवर पडला आणि माझी मोजणी चुकली. काल ओहोटीला आम्ही मायलेकींनी कातळावरचे दगड उलटून शोधलेल्या समुद्री किड्याच्या पाठीवरचे खवले मी भिंगातून मोजत होते.

पुन्हा मोजून झाले आणि माझ्या प्राणिशास्त्राच्या सरांचा फोन आला. "तू पाठवलेला फोटो पाहिला. खवल्यांच्या बाराच जोड्या, म्हणजे नेहमीचाच किडा. तीन वर्षं बाळात गुंतलीस, नजर गेली गं तुझी. किनाऱ्यावरच्या जिवांच्या यादीचं काम दुसऱ्या कुणाला देऊ का?"

"अजिबात नको, सर. तीन जोड्या चिमट्यात धरताना गळल्या. त्यांचे देठ पाठीवर तसेच आहेत, फोटो मोठा करून बघा. पंधराच आहेत. हा किडा वेगळा आहे."

तिकडून सर पुटपुटत देठ मोजताना ऐकू आले. "खरंच की! यादी तूच कर."

स्पिरिटात निपचित पडलेल्या किड्याच्या बाटलीवर मी नावाची चिठ्ठी डकवली आणि लेकीला कडेवर घेतलं. "बघ, आईनं बरोब्बर ओळखलं याला!"

तिनं काचेला नाक लावलं.

"मग आता त्याला त्याच्या घरी कधी सोडायचं?"