स्वच्छ आवाज

फत्तेसिंगरावांच्या पत्राला श्रीनिवासरावांनी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र काही परगावचं नव्हतं. म्हैसुरातलंच, बन्नीमंटपातून आलेलं. सोबत एक पेनड्राइव्ह होता.

"तोंडावर तुम्ही खरं बोलणार नाही, अल्लवा, होय की नाही, म्हणून लिहून विचारतो. तीस वर्षं रामनवमीला विठ्ठल मंदिरात पुढं बसून भजन म्हणतोय. हल्ली मागची माणसं एकमेकांकडं बघतात असं वाटतं. हे तुमच्या काम्प्युटरात घालून ऐका. आवाज कसा आहे तेवढं लिहा. बरा नसला तर आमच्या मंडळातल्या विद्याश्रीला पुढं बसवतो, मी मागं टाळ धरतो. लोकांनी हसण्याआधी उठलेलं बरं."

श्रीनिवासरावांनी ते पहिल्याच दिवशी ऐकलं होतं. वरच्या षड्जाला आवाज पोचत नव्हता. त्याच्या अलीकडेच फाटून खाली येत होता. कॉम्प्युटर जुना, ग्रंथालयातून निवृत्त झाले त्या वर्षीचा. त्याचं काय खरं, असं म्हणून त्यांनी आधी स्पीकर बदलले, मग वायर बदलली. आता रामनवमी आठ दिवसांवर आली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या निशांतला बोलावलं. तो कंपनीत कॉम्प्युटरची असलीच कामं करायचा. त्यानं स्वतःचं साउंड कार्ड आणून जोडलं.

घरघर थांबली. टाळाचा ठोका न् ठोका सुटा ऐकू येऊ लागला. आणि तो षड्जही आला. तसाच, खाली.

"हे कार्डसुद्धा बिघडलेलं असेल का रे?"

"काका, पेटी सुरात वाजतेय ना?"

"वाजतेय."

"मग मशीन पेटीला सोडून नेमकं बुवांनाच बेसूर करेल का? आत नुसते आकडे असतात. कॉम्प्युटर खराब असला तर खरखर येईल, मधेच तुटेल. एकट्या माणसाला शोधून पाडणार नाही." निशांत हसला. "खरं तर तुमचा जुना डबाच बरा होता. थोडं झाकून तरी घेत होता. कोण आहेत हे?"

"आहेत एक ओळखीचे," श्रीनिवासराव म्हणाले. चाळीस वर्षं त्यांचे सदरे फत्तेसिंगरावांनीच शिवले होते.

निशांत गेल्यावर ते लिहायला बसले. पहिल्या कागदावर लिहिलं, 'आता विद्याश्रीला बसवा.' तो फाडला. पुन्हा तेच लिहिलं, तोही फाडला. तिसऱ्यावर लिहिलं, 'कॉम्प्युटरला नवीन कार्ड लावून ऐकलं. आवाज अगदी स्वच्छ आहे. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी.' दोनदा वाचून पाहिलं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

पोस्टात तिकीट देताना कमलाक्षीनं पाकिटावरचा पत्ता पाहिला. "बन्नीमंटप? सार, इथंच तर आहे," ती कानडीत म्हणाली. "चालत जाऊन सांगून या की. पत्र कशाला?"

"नको. समोर गेलो तर ते विचारतील, कुठला आवाज."

तिला काही कळलं नाही. श्रीनिवासरावांनी पत्र पेटीत टाकलं.