बदामचा विमा

"हा नक्को," एकनाथराव म्हणाले आणि स्वस्तातल्या विम्याचं पत्रक त्यांनी टेबलावरून परत सरकवलं. "दुसरा सांगा."

मेधाच्या कपाळावर आठी उमटली. पुण्याहून ती चार दिवसांसाठी वडिलांकडे, नानांकडे, आली होती आणि त्यातली एक अख्खी सकाळ कुत्र्याच्या विम्यात चालली होती. खाजगी विमा कंपन्या देशात नुकत्याच आल्या होत्या. एजंट लोक कसले कसले विमे घेऊन दारोदार फिरत होते. पण हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या त्या गल्लीत कुत्र्यासाठी एजंटाला स्वतःहून फोन करून बोलावणारा माणूस एकच निघावा आणि तो आपला बाप असावा, याची तिला जराशी लाजच वाटत होती.

तो कुत्रा, बदाम, नानांच्या खुर्चीखाली पाय पसरून पडला होता. आई गेली त्या वर्षी मलकपेठच्या रेसकोर्सच्या भिंतीपाशी नानांना हे पिल्लू सापडलं. कोणी जात विचारली की ते म्हणत, "हैदराबादी."

"स्वस्तातला कसा आहे साहेब," हिम्मतराव एजंट समजुतीनं सांगू लागला, "कुत्रा गेला तर रक्कम मिळते, बस्स. दुसऱ्यात औषधपाणी, ऑपरेशन, सगळं येतं. पण हप्ता भारी पडतो."

"कुत्रा गेल्यावर ती रक्कम घेऊन मी काय करू? औषधपाण्याचा द्या."

"नाना, कशाला?" मेधाला राहवलं नाही. "तुमचा स्वतःचा विमा तुम्ही कधी उतरवला नाहीत. दात दुखला तर सहा महिने अंगावर काढता. आणि ह्याला काय धाड भरलीय? धडधाकट आहे चांगला. स्वस्तातला घ्या, नाहीतर घेऊच नका."

"धडधाकट आहे तोवरच घ्यायचा असतो, बेटा. नंतर कोणी देत नाही."

खिडकीत राखाडी मांजर डोळे मिटून बसलं होतं. हिम्मतरावनं आशेनं तिकडे पाहिलं. "मग मांजराचापण करून टाकू का? दोन्ही एकत्र घेतले तर थोडं कमी करून देतो."

"नक्को. मांजर घराचं असतं. इथं पुढं जो कोणी राहायला येईल, त्याच्या दुधावर ते सुखानं जगेल. कुत्र्याचं तसं नाही. त्याला माणूस लागतो."

मेधानं ते ऐकलं आणि सोडून दिलं. नाना हायकोर्टाच्या कचेरीतून निवृत्त झालेले. एखादी गोष्ट मनात धरली की शेवटच्या कलमापर्यंत जायचे. वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती चहाचे कप उचलू लागली.

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"एक विचारायचं राहिलं. मालक बदलला तर पॉलिसी चालू राहते ना?"

"हौ, राहते की. अर्ज दिला की नाव बदलून मिळतं." हिम्मतराव हसला. "पण मालक कशाला बदलतो साहेब? विकायचा विचार आहे का?"

नाना हसले नाहीत. त्यांनी हात खाली नेला. बदामनं न बघताच मान वर करून आपलं डोकं त्या हाताखाली आणून ठेवलं.

"विकत नाही. पण जो नेईल त्याला तो जड होऊ नये. उद्या आजारी पडला, खर्च निघाला, म्हणून कोणी त्याला रस्त्यावर सोडून देऊ नये. एवढ्यासाठीच."

कप मेधाच्या हातात तसेच राहिले. आल्यापासून पहिल्यांदाच तिनं वडिलांकडे नीट पाहिलं. सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल पडली होती. कुत्र्याच्या डोक्यावरच्या त्या हातावर सुईचे काळेनिळे डाग होते. वय झालं, अशी स्वतःची समजूत घालून ती दोन दिवस ह्याच माणसासमोर जेवायला बसली होती.

"नाना, काय झालंय तुम्हाला?"

"आधी हे होऊ दे."

"नाना."

त्यांनी बदामच्या कानामागे खाजवलं. मग दुसऱ्या कोणाची तरी हकिगत सांगावी तसे शांतपणे म्हणाले, "पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला."

"कधी कळलं?"

"दिवाळीच्या आधी."

"दिवाळीला मी फोन केला होता. येऊ का, विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, कामं टाकून येऊ नको." तिचा आवाज फाटला. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस," नाना म्हणाले. "आणि मग तुला परत जाता आलं नसतं."

हिम्मतरावनं पेनाला टोपण लावलं. पत्रकं गोळा करून तो हलकेच उठला. "मी परत कधीतरी येतो, साहेब."

"बसा," मेधा म्हणाली. कप खाली ठेवून ती नानांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. खालून बदामनं तिचे पाय हुंगले. तिनं पाय मागे घेतले नाहीत. "औषधपाण्याचाच करा. लिहून घ्या."

हिम्मतरावनं नानांकडे पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं.

"मालकाचं नाव?"

"मेधा एकनाथ हुमनाबादकर."

"तुझ्या बिल्डिंगमध्ये कुत्री ठेवू देत नाहीत," नाना पुटपुटले.

हिम्मतराव लिहीत राहिला. पुढच्या ओळीवर थांबून त्यानं संकोचानं विचारलं, "पत्ता पुण्याचा ना, मॅडम?"

"इथलाच लिहा," मेधा म्हणाली. "मी आता कुठं जात नाही."