सिम्बाची समुद्रसहल

सकाळी सात वाजता इंदापूरहून कोकणात निघालेली सौरभची गाडी शेळगावला चुलत्याच्या वस्तीवर थांबली आणि त्याचा कुत्रा सिम्बा तिथंच उतरवला गेला. 'आमच्या सिम्बाची पहिली समुद्रसहल' असं सौरभ महिनाभर रोज स्टेटसला सांगत होता. कुत्रं चालेल असं हॉटेल शोधून झालं होतं, पोहायचं जाकीटही घेऊन झालं होतं. पण शेळगाव यायच्या आतच सिम्बा नव्या सीट कव्हरवर ओकला.

"तात्या, आमी माघारी येईस्तवर सांभाळा. लई शाना हाय त्यो," सौरभ म्हणाला.

"शाना हाय म्हणूनच ओकला," मानसिंगतात्या म्हणाले.

गाडी गेली तसा सिम्बा रस्त्याकडं तोंड करून बसला तो बसलाच. भाकरी नको, दूध नको, त्याच्याच पिशवीतलं खाणंही नको. दुसऱ्या दिवशी त्याच्यानं उठवेना, तेव्हा तात्यांनी नातीला हाक मारली.

"छकुले, लाव तुझ्या काकाला फोन. मालकाचा आवाज ऐकून तरी खाईल."

छकुलीनं दुपारपासून दिवे लागेपर्यंत फोन लावला. सौरभनं एकदाही उचलला नाही.

"तात्या, काका फोन घेईना. पण स्टेटस टाकलंय बगा आत्ताच," असं म्हणून तिनं फोन त्यांच्यापुढं धरला.



फोनातच बनवलेल्या फोटोत सिम्बा गॉगल लावून समुद्रकाठी सौरभच्या मांडीवर बसला होता आणि खाली लिहिलं होतं, 'माझ्या हातचं असल्याशिवाय घास घेत नाही पठ्ठ्या.'