मागच्या खोलीतलं पाणी

पुराचं पाणी शिरलं होतं दुकानात, पण ओल मोजायचं यंत्र सगळ्यात जास्त ओरडलं ते मागच्या खोलीत. नागपूरहून आलेल्या संघपालने ते भिंतीवरून काढलं, झटकलं, पुन्हा टेकवलं. ते पुन्हा ओरडलं.

“इथं किती पानी होतं, भाऊ?”

“इथं नाही आलं,” बाबूलाल म्हणाला. “ही खोली दोन पायऱ्या वर आहे. यंदा उंबऱ्याखालूनच गेलं.”

वैनगंगा पवनीत शिरून गेली की घरोघरी आधी बादल्या निघतात, मग झाडू, मग चुना. बाबूलालने यंदा शहाणपण केलं होतं. पंखे आणि यंत्रं लावून घर सुकवून देणारी माणसं त्याने बोलावली होती. दुकानाचं काम मार्गी लागलं होतं. मागच्या खोलीत संघपाल सहज म्हणून डोकावला. डोकावला नसता तर बरं झालं असतं, असं बाबूलालला वाटून गेलं आणि वाटल्याची लाजही वाटली.

भिंतीवर संगमरवरासारखं दिसणारं प्लास्टिकचं पॅनल होतं, सोनेरी पट्टीचं. संघपालने त्याच्यावर टिचकी मारली.

“हे काढा लागन.”

“काहून? चांगलं तं आहे.”

“वरून चांगलं आहे.”

मागच्या मोठ्या पुरात या भिंती कमरेइतक्या भिजल्या होत्या. पण रक्षाचं साक्षगंध तोंडावर आलेलं, भिंत सुकायची वाट कोण पाहतो? पोरीच्या सासरची माणसं ओलीचे डाग पाहतील म्हणून बाबूलालने चारी भिंती पॅनलने मढवल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाहुण्यांनी खोलीची तारीफ केली, रक्षा सासरी गेली, आणि ती देखणी खोली बाबूलालच्या आईला, रंभाबाईंना मिळाली.

पहिलं पॅनल निघालं तसा कुबट वास अंगावर आला. मागचं प्लास्टर काळंहिरवं पडलं होतं. संघपालने बोट लावलं तर ते आत रुतलं.

“यंदाचं नाही हे पानी. जुनं आहे, आत कोंडलेलं.” त्याची नजर खाटेकडे गेली. खाट भिंतीपासून हातभर ओढून घेतलेली होती आणि मधल्या जागेत जुन्या लुगड्यांची चळत रचलेली होती. “कोन झोपते इथं?”

दाराबाहेर ओसरीत रंभाबाई सुपात लाखोरीची डाळ निवडत बसल्या होत्या.

“कोनी नाही,” बाबूलाल म्हणाला. “सामान राहते.”

बाहेर सुपाचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. संघपालने लुगड्यांच्या चळतीवर एकदा हात ठेवून पाहिला आणि पुढचं पॅनल उचकटायला घेतलं.

पहिल्याच हिवाळ्यात रंभाबाई म्हणाल्या होत्या, “बाबू, भिंतीतून ओल येऊन राहिली रे. रातभर पाठ गार पडते.” सुनेने, रिताने, त्यांना आणखी एक वाकळ दिली. खोकला सुरू झाला तेव्हा बाबूलालने औषधाची बाटली आणली. तरी त्यांचं आपलं भिंत, भिंत चालूच. शेवटी एक दिवस वैतागून त्याने आईचा हात धरला आणि पॅनलवर टेकवला. “पाहा. कोरडी ठाक आहे.” प्लास्टिकच ते, कोरडंच लागणार. रंभाबाईंनी हात सोडवून घेतला. “तू म्हनते तं सुकली असन,” म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांनी भिंतीचं नाव काढलं नाही. बाबूलालला वाटलं, पटलं एकदाचं.

“फुगलेलं सगळं विटेपर्यंत खरवडू,” संघपाल सांगत होता. “औषध फवारू. मंग पंखे आणि ओल ओढाचं मशीन. दार बंद ठेवा. आधी वास वाढन, मंग जाईन. फक्त घाई नका करू.”

घाई हा शब्द त्याने साधाच वापरला होता. बाबूलालला तो लागला.

रंभाबाईंचं अंथरूण हॉलमध्ये आलं. मागच्या खोलीत मशीन घरघरत राहिलं आणि त्याच्या नळीतून बादलीत पाणी पडत राहिलं. बादली भरली की बाबूलाल दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे, स्वतः उचलून मोरीत ओतायचा. रिता एकदा बघत उभी राहिली.

“माय वो, एवढं पानी कुठून निघून राहिलं?”

“मायच्या उशाजवळून,” तो म्हणाला.

नदी घरात शिरली तेव्हा त्याने नदीला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. या पाण्यासाठी शिव्या घालायच्या तर नाव एकच होतं. त्याने बादली उपडी केली आणि पुन्हा नळीखाली नेऊन ठेवली.

शेवटी यंत्र त्या भिंतीपाशी गप्प बसलं. उघड्या विटा लाल दिसू लागल्या. संघपालने सगळ्या कोपऱ्यांत तपासून पाहिलं, मशीन गाडीत चढवलं आणि नवं प्लास्टर सावकाश करा म्हणून सांगून गेला.

बाबूलालने खोली झाडली. लुगडी पेटीत घातली. खाट आणून भिंतीला अगदी चिकटवून लावली आणि आईला हाक मारली.

“माय, इकडं ये. तूच हात लावून सांग मले.”

रंभाबाई उंबऱ्यात आल्या. त्यांनी विटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हात काही उचलला नाही. वाकून त्यांनी खाटेचा पाय धरला आणि ती हातभर अलीकडे ओढली. मग पेटी उघडून एक एक लुगडं काढू लागल्या.

“तू म्हनते तं सुकली असन,” त्या म्हणाल्या.

बाबूलाल या वेळी तसं काहीच म्हणाला नव्हता.